वस्तीच्या इमारतीचे अर्थकारण जुळवून देणाऱ्या कर्ज अधिकारी ताईंस जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, वस्तीच्या सामुदायिक इमारतीसाठी आपल्या संस्थेकडून घेतलेले अंतरिम, म्हणजे अनुदान हाती येईपर्यंतचे, कर्ज व्याजासह फिटले असून आपण पाठविलेला बेबाकी दाखला समितीच्या दप्तरी लागला आहे. आभार मानण्यासाठी मुद्दाम या दाखल्याची वाट पाहिली. देणे बाकी असताना धनकोची स्तुती केली की तिला मुदतवाढीच्या अर्जाचा वास येतो, असे आमच्या खजिनदारांचे मत पडले आणि समितीने ते एकमताने मान्य केले. आपले नाव कोठेही छापू नये ही आपली सूचना पाळली आहे. पत्र जाहीर करण्यामागचा हेतू मात्र आपल्याला पटेल असे वाटते. अल्प उत्पन्न गटाच्या वस्तीत काही उभे करायचे म्हणजे एखादा मोठा दाता गाठायचा, अशी समजूत अनेक समित्यांची असते, आणि आपण आम्हांला जे दिले त्याचा दानाशी फारसा संबंध नव्हता.

रकमेच्या हिशेबाने पाहिले तर इमारतीत आपल्या संस्थेचा वाटा मोठा नव्हता. निम्म्याहून अधिक खर्च सार्वजनिक अनुदानातून झाला, त्याखालोखाल बँकेचे दीर्घ मुदतीचे कर्ज आणि मग लोकवर्गणी. परंतु आपण येण्यापूर्वी यांतील प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवीत होता. अनुदान देणाऱ्या कार्यालयाला उरलेल्या रकमेची तजवीज झाल्याचा पुरावा हवा होता, बँकेला अनुदानाचे मंजुरीपत्र हवे होते, आणि दोघांनाही जागेचा नोंदणीकृत करार, मातीची तपासणी, वास्तुविशारदाचे नकाशे व अंदाजपत्रक आधी हवे होते. या पूर्वतयारीला पैसा लागतो आणि नेमका तोच पैसा कोणी देत नाही, कारण काम पुढे सरकले नाही तर त्या खर्चाच्या बदल्यात जप्त करण्याजोगे काहीच मागे राहत नाही. आपल्या संस्थेने तो एका स्पष्ट बोलीवर दिला : प्रकल्प मंजूर झाला तर ही रक्कम पुढील कर्जात मिळवायची, न झाला तर सोडून द्यायची.

यात उपकाराचा आविर्भाव आपण कधी आणला नाही. धर्मादाय संस्थांनी निव्वळ देणगीऐवजी कर्ज किंवा हमी या रूपाने पैसा घालण्याची पद्धत जुनी असून अमेरिकेतील फोर्ड फाउंडेशनने ती १९६८ पासून अवलंबिली, आणि बोस्टनमधील डडली स्ट्रीटच्या रहिवाशांना जमिनी घेण्यासाठी अशाच कर्जाचा आधार मिळाला, हे आपल्याकडूनच समितीला कळले. त्या रहिवाशांनी १९८४ साली संघटना उभारली आणि १९८८ मध्ये पडीक भूखंड सक्तीने संपादित करण्याचा अधिकार मिळविला, ही हकीकत आमच्या तरुण सदस्यांना तोंडपाठ झाली. अधिकार मिळाला तरी जागामालकांना मोबदला द्यावा लागलाच, हा तिचा उत्तरार्ध मात्र दर वेळी आपल्यालाच सांगावा लागे.

सर्वांत अधिक ऋण आहे ते त्या महिनावार तक्त्याचे. रकान्यांत महिने, डावीकडे येणारा व जाणारा पैसा आणि तळाच्या ओळीत महिनाअखेरची शिल्लक, असा तो साधा कागद होता आणि आपण तो पेन्सिलने भरायला लावला. अनुदान मंजूर झाले म्हणजे पैसा आला, असे धरून चालण्याचा मोह कोणालाही होतो. आपण मंजुरीपत्रातील अट मोठ्याने वाचून दाखविली : आधी काम, मग मोजमाप, मग बिल, मग तपासणी आणि त्यानंतर रक्कम अदा. त्याप्रमाणे अनुदानाचा प्रत्येक हप्ता खोडरबराने पुसून तीन रकाने उजवीकडे नेला, आणि स्लॅबच्या महिन्यात तळाच्या ओळीत वजाचे चिन्ह उमटले. पुढचे चार रकाने ते हटले नाही. प्रकल्पाची एकूण बेरीज तंतोतंत जुळत होती, तरीही त्या महिन्यात कंत्राटदाराचे बिल भागणार नव्हते. बिल थकले की काम थांबते, उघड्या सळया गंजू लागतात, साहित्याचे दर चढतात, आणि मग जुळलेली बेरीजही जुळेनाशी होते. त्या ओळीतील सर्वांत मोठा वजा आकडा आपण गोल करून ठेवला, त्यावर थोडी वाढ धरली, आणि तीच अंतरिम कर्जाची रक्कम ठरली. मागणाऱ्याच्या अपेक्षेवरून किंवा देणाऱ्याच्या मर्जीवरून रक्कम ठरविण्याची सवय असलेल्या आम्हा सर्वांना हा प्रकार नवा होता.

ही अडचण जगभरची आहे हेही आपण सांगितलेत. २००२ मध्ये भारतात सुरू झालेल्या ‘क्लिफ’ या निधीचा एक मुख्य उद्देशच हा होता : स्पार्क, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि महिला मिलन यांच्यासारख्या वस्त्यांत काम करणाऱ्या संघटनांनी हाती घेतलेल्या वस्त्यांच्या कामांना सरकारी रकमा हाती येईपर्यंत भांडवल पुरवायचे, म्हणजे मंजूर योजना केवळ रोकडीअभावी अडून राहणार नाहीत. अनुदान उशिरा मिळण्याचा भुर्दंड व्याजाच्या रूपाने गरीब वस्तीने का सोसावा, हा माझा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. आपण तो टाळला नाहीत. व्याजाची ही रक्कम अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून दाखविण्याचा आग्रह धरलात, जेणेकरून अनुदान देणाऱ्यांच्या नजरेस ती पडावी.

इमारत चालणार कशी, याची चौकशी आपण पाया खणण्याच्या कितीतरी आधी केली. “पाळणाघर आणि अभ्यासिका होईल हो, पण गच्ची गळू लागली की पैसे कोण देणार?” असे आपण विचारले तेव्हा काही सदस्यांना ते अपशकुनासारखे वाटले होते. वीज, पाणी, सफाई, विमा, सेविकांचे मानधन आणि दुरुस्ती वजा जाता वर्षभराच्या हप्त्यांच्या निदान सव्वापट उत्पन्न उरले पाहिजे, हे आपले माप होते. उत्पन्नाच्या बाजूने आपण देणग्या वगळायला लावल्या, कारण देणगी दरवर्षी येईलच असे नाही, हप्ता मात्र दरमहा येतोच. या एका अटीपायी तळमजल्यावरील एक खोली दवाखान्याला भाड्याने देण्याचे ठरले. सभागृह मोठे हवे असणाऱ्यांचा त्याला विरोध होता, आणि त्यांची नाराजी पूर्ण गेली आहे असे मी म्हणणार नाही. तथापि आज देखभाल निधीत नियमाने पडणारी रक्कम ही त्याच भाड्याची आहे.

तारणाचा प्रश्न राहिला. त्याआधी एका वित्तसंस्थेने वस्तीचा पत्ता पाहताच अर्ज परत केला होता. अमेरिकेत १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी शहरांचे नकाशे रंगवून गरीब व कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगात ‘धोकादायक’ ठरविण्यात आल्या, आणि अशा भागांना कर्ज नाकारण्याची रीत मोडण्यासाठी १९७७ मध्ये सामुदायिक पुनर्गुंतवणूक कायदा करावा लागला. ज्या भागातून ठेवी घेता त्या भागाच्या, अल्प उत्पन्नाच्या वस्त्यांसह, कर्जाच्या गरजाही भागवा, असा त्याचा रोख आहे. हे आपण मला शांतपणे समजावून सांगत होता तेव्हा माझा राग कमी झाला नाही, परंतु तो त्या एका परतीच्या अर्जापुरता उरला नाही. त्यानंतर आपण बचत गटांच्या वह्या मागविल्या. कोपरे दुमडलेल्या, पाण्याचे डाग पडलेल्या त्या वह्यांतील नोंदी आपण बोट ठेवून ओळीने वाचल्या, चुकलेल्या हप्त्यांपुढे नंतर कोणी व कसे भरले याची टीप पाहिली, आणि त्यांचा गोषवारा कर्जप्रस्तावाला जोडला. थायलंडमध्ये २००३ पासून चाललेल्या ‘बान मनकाँग’ कार्यक्रमात कर्ज एकेकट्याला न देता वस्तीच्या सहकारी संस्थेला देतात आणि त्याआधी बचत गटांची घडी बसलेली असावी लागते, याचा दाखला आपण त्याच प्रस्तावात दिला होता. वस्तीची पत वस्तीच्याच कागदांतून सिद्ध झाली, याचा आमच्या बायकांना वाटलेला अभिमान येथे नोंदवून ठेवतो.

एका कामाला आपण कर्ज नाकारलेत, त्याबद्दलही आभार. इमारतीबरोबरच बाहेरच्या रस्त्याखालील मुख्य सांडपाणी वाहिनी वस्तीने घालावी असा प्रस्ताव होता. कराचीच्या ओरंगी भागात १९८० पासून अख्तर हमीद खान यांनी उभारलेल्या कामात घरातील संडास, गल्लीतील वाहिनी आणि त्यापुढची जोडवाहिनी रहिवाशांनी स्वखर्चाने केली, मुख्य वाहिन्या व शुद्धीकरण मात्र शासनाकडे राहिले, ही विभागणी आपण फळ्यावर काढून दाखविली. ओरंगीचे उदाहरण ‘लोक स्वतःच करतात, मग सरकारने कशाला करायचे’ या बाजूने वापरणारे पुष्कळ भेटतात. आपण त्याची दुसरी बाजू धरलीत. मुख्य वाहिनीचा खर्च आमच्या कर्जातून वगळला गेला आणि त्यासाठीचा पाठपुरावा आजही चालू आहे.

आणखी पैसे देणारे शोधावेत, असे काहींचे म्हणणे होते. प्रत्येक नवा देणारा स्वतःचा करार, स्वतःचा अहवाल आणि स्वतःचा वकील घेऊन येतो, हे आपले उत्तर त्यांना रुचले नाही. अल्प उत्पन्नाच्या भागांत पैसा गुंतवावा म्हणून दिल्या जाणाऱ्या अमेरिकेतील २००० सालच्या ‘न्यू मार्केट्स’ करसवलतीत गुंतवणूकदाराला सात वर्षांत मिळून गुंतवणुकीच्या ३९ टक्के इतकी सूट करात मिळते, तरी व्यवहाराची कागदपत्रे इतकी गुंतागुंतीची होतात की लहान प्रकल्पांना त्यांचा खर्चच झेपत नाही, हे ऐकल्यावर तो विषय मिटला.

आपल्या संस्थेविषयी बोलतानाही आपण हात राखला नाहीत. आपल्या संस्थेसारखाच दुर्लक्षित वस्त्यांना कर्ज देण्याचा वसा १९७३ पासून चालविणारी शिकागोची शोअरबँक २०१० मध्ये बंद करावी लागली, हे आपण कर्जाच्या करारावर सह्या होण्यापूर्वीच सांगितले आणि आमच्याकडून परत येणारी रक्कम पुढच्या वस्तीच्या कामाला जायची आहे, एवढेच जोडले. हप्त्याच्या तारखा पाळण्यासाठी समितीला याहून वेगळी ताकीद लागली नाही.

पहिल्या वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब आणि देखभाल निधीच्या खात्याचा उतारा या पत्रासोबत आपल्याला स्वतंत्रपणे पाठवीत आहे. एक विनंतीही आहे. शेजारच्या वस्तीच्या समितीने तो महिनावार तक्ता मागितला आहे. आमचे आकडे, कंत्राटदाराचे दर आणि बँकेच्या अटी वगळून, केवळ रकाने व ओळी असलेला कोरा नमुना त्यांना देण्यास आपल्या संस्थेची हरकत नसल्यास तसे लेखी कळवावे, म्हणजे येत्या बैठकीत ठराव मांडता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
सचिव, वस्ती विकास समिती