दिवस जाण्याआधीचे दिवस

खानापूर,
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू मधेच गप्प झालीस. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या असणार, हे मला इकडं कळलं. मग तू पावसाचं विचारलंस आणि मीही पावसाचंच सांगत बसले. पण ज्यासाठी फोन केला होतास, ते मूल होऊ देण्याचं बोलणं तसंच राहिलं आणि रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून लिहिते. निवांत वाच, आणि तुझ्या अहोंनाही वाचायला दे.

"दिवस गेले की सुई बंद कर, बाळाला बाधते," असं त्या म्हणाल्या ना? त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी पाहिलेले शुगरवाले साठीतले, गोळ्या खाणारे. टाइप वन डायबेटिसमुळं बाराव्या वर्षापासून इन्सुलिनच्या सुईवर जगणारी पोर त्यांनी तू येईपर्यंत पाहिलीच नव्हती. पण ही गोष्ट घरात आधी नीट बोलून घे. आपलं इन्सुलिन नाळेतून बाळापर्यंत पोचत नाही. पोचते ती साखर. आईची शुगर वाढली की बाळाचीही वाढते, मग त्याचं स्वतःचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन करायला लागतं, बाळ नको तेवढं वाढतं, आणि नाळ कापल्यावर बिचाऱ्याची शुगर एकदम खाली जाते. आणि सुई थांबली तर आपण तरी कुठं राहतो? 1922 साली पहिल्यांदा इन्सुलिन माणसाला टोचलं. त्याच्या आधी आपल्यासारख्या मुली वर्ष-दोन वर्षांत जायच्या.

आता माझं पहिल्या वेळचं. तुला मी "राहिलं नाही" एवढंच सांगितलं होतं. पाळी चुकली तेव्हा इथं भातलावणी चालू होती. रोज उद्या बघू, उद्या बघू करत गेले. तपासलं तेव्हा सातवा आठवडा लागला होता आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) 9.2. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून होतो ती गर्भ धरल्यापासून चार आठवड्यांत मिटते, हृदयही त्याच सुमारास घडतं. म्हणजे मला कळायच्या आत अर्धं काम होऊन गेलं होतं, आणि तेही 9.2 वर. दहाव्या आठवड्यात सगळं संपलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, शुगरमुळंच गेलं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, कुणाचंही जातं. पण एवढ्या शुगरला धोका जास्त असतो हेही त्यांनी लपवलं नाही. दुसऱ्या एका दवाखान्यात मात्र एकानं तोंडावर सांगितलं की तुमच्यासारख्यांनी मुलाच्या नादी लागू नये. ते वाक्य मी वर्षभर उराशी धरून बसले होते, सुमे. ते खोटं होतं. माझी पोर आत्ता शेजारी बसून पेनाचं टोपण चावतेय.

म्हणून सांगते, खरं काम दिवस जाण्याआधीचं आहे. तोवर गर्भनिरोधक सोडू नका, लाजू नका, दोघांनी मिळून ठरवा. तीन महिन्यांची शुगर साडेसहाच्या खाली आणायची, तीही सारखी लो न होता, म्हणजे शुगर एकदम खाली न जाता, जमेल तशी. दहाच्या वर असेल तर थांबायचंच. मला 9.2 वरून 6.4 वर यायला आठ महिने लागले. घरात "अजून काय नाही काय गे?" असं दर पाळीला विचारणं व्हायचं. मी सांगायचे, चाललंय. आणि खरंच चाललेलं होतं: दिवसातून सात वेळा बोट टोचणं, वहीत लिहिणं, जेवणाआधी पंधरा मिनिटं सुई. भात मी सोडला नाही. खानापुरात राहून भात सोडणं मला तरी जमलं नसतं. पण वाटीनं मोजला, आणि पानात आधी भाजीच्या पल्ल्या, मग भात. उपवास मात्र सोडले. आज घरात सगळ्यांचा सोमवार आहे. मी कपिलेश्वराचं नाव घेतलं आणि भाकरी खाल्ली. साबुदाण्याच्या खिचडीनं शुगर कशी उसळते ते तुला माहीतच आहे.

डोळे आधी तपासून घे. शुगर फार झपाट्यानं खाली आली तर पडद्यावरचा त्रास कधी कधी वाढतो, म्हणून माझी हळूहळू आणली. लघवीतल्या प्रोटीनसाठी तू जी गोळी घेतेस ती दिवस जाण्याआधी बदलावी लागेल. त्या जातीच्या गोळ्या बाळाला चालत नाहीत, कोलेस्टेरॉलच्याही नाहीत. स्वतःच्या मनानं बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार. फॉलिक अॅसिड आपल्याला नेहमीच्या बायकांपेक्षा जास्त लागतं. मला 5 मिलिग्रॅमची गोळी दिली होती, दिवस जाण्याआधीपासून ते बारा आठवड्यांपर्यंत. थायरॉइडही बघून घे, आपल्यात तो त्रास जास्त आढळतो.

आता तुला खरी भीती वाटते त्या लो होण्याबद्दल. पहिल्या तीन महिन्यांत शुगर फसवते. मी एरवी दिवसाला 34 युनिट इन्सुलिन घ्यायचे, दुसऱ्या वेळी दहाव्या आठवड्यात 28 वर आले, तरी एका रात्री शुगर 48 झाली. आमच्या यांना घामानं भिजलेली उशी लागली म्हणून जाग आली. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, हे त्यांना पाठ होतं म्हणून निभावलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना, हेही अहोंना आत्ताच सांगून ठेव. मग चौथ्या-पाचव्या महिन्यापासून उलटं होतं. छत्तिसाव्या आठवड्यात मी 78 युनिटवर होते, आणि बाळंत झाल्याच्या दुसऱ्या दिवशी 24 वर. तुझे आकडे वेगळे असतील, चढउतार असाच असेल. ओकाऱ्या होत असल्या, पोटात काही राहत नसलं, तरी सुई पूर्ण बंद करायची नाही. गरोदरपणात शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढून जिवावर बेततं. तसं झालं तर घरी वाट बघू नकोस.

एक जपायचं. बाटलीतलं इन्सुलिन मिलीला 40 युनिटचं असेल तर लाल टोपीची सिरिंज, इन्सुलिनच्या पेनाच्या काडतुसातलं 100 चं. पेन बिघडलं म्हणून काडतुसातलं लाल टोपीच्या सिरिंजनं मोजून ओढलंस तर अडीचपट जातं. जादा पेन घरात ठेवच. आणि वीज गेली की माठाशेजारी ओल्या फडक्यात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच असतं.

राहता राहिलं माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात न्यायचं, हे मी मोडलं, आणि आईला वाईट वाटलं. पण ज्या महिन्यांत डोस दर आठवड्याला बदलतो, त्याच महिन्यांत डॉक्टर बदलायचा? तुला निपाणीहून कोल्हापूर जवळ की बेळगाव सोयीचं, ते दोघांनी आधी ठरवा, आणि शुगरचे डॉक्टर, बाळंतपणाच्या डॉक्टर आणि नवजात बाळांचा विभाग एकाच छपराखाली असलेलं ठिकाण धरा. आशाताई तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईचं सरकारी कार्ड, करतील तेव्हा तुझा टाइप वन आहे हे ठळक लिहून घे. नाहीतर गरोदरपणात येणारी शुगर समजतात, आणि "पथ्य करा, जाईल" म्हणून सांगतात.

बाळालाही होईल का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारायचं होतं तुला. आईला असेल तर शंभरात दोन ते चार मुलांना होतो. मीही माझ्या पोरीकडं बघताना हा आकडा धरून असते.

सुमे, बेळगावच्या दवाखान्यातल्या त्या बाकावर मी चौदाची, तू बाराची. नर्स बाई "शुगर एष्ट ऐत्री?", शुगर किती आहे, असं विचारायच्या आणि तुला कन्नड येत नव्हतं म्हणून तू रडायचीस. तुझ्या आईनं कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात साखर भरून दिली होती, आठवतं?

पुढच्या बुधवारी मी बेळगावला येते आहे. तू सकाळी लवकरची बस धर. डोळ्यांत थेंब घातल्यावर चार-पाच तास नीट दिसत नाही, म्हणून एकटी येऊ नकोस. अहोंना रजा नसेल तर सासूबाईंना आण. त्या डॉक्टरीण बाई मराठीत समजावून सांगतात, सासूबाईंनी सुईचं त्यांनाच विचारावं. मी शेजारी बसेन. वही आण, आणि तो करंडा अजून असेल तर भरून आण.

तुझी,
आक्का