काका, तुम्ही टॉर्च माझ्या हातात दिलात

काका, नमस्कार.

काल संध्याकाळी बागेतलं शेवटचं खोड कापून झालं. वादळात आडव्या झालेल्या दोन्ही झाडांचे ओंडके कुंपणालगत रचले, पेट्रोलवर चालणारी चेनची करवत पुसली, टाकी रिकामी केली आणि त्याच ओंडक्यांवर टेकले, तेव्हा एकदम भरून आलं. तुम्ही करवत दुरुस्त करून दिलीत, तेव्हा तुमच्या दुकानातून निघताना मी नुसतं "येते" म्हणाले होते. तेवढंच तोंडातून निघालं. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. कारण तुमच्याआधी ज्यांनी मला परत पाठवलं, त्यांनीही चार माणसांसमोरच पाठवलं होतं.

करवत मी जुनी घेतली, कारण नवी परवडणार नव्हती आणि झाडं वाट अडवून पडली होती. विकणाऱ्याने एका ओढीत सुरू करून दाखवली. मी पोचण्याआधीच त्याने ती तापवून ठेवली होती, हे मला कुठून कळणार? जुनं इंजिन बघायला जाताना आधीच सांगून ठेवायचं, "मी आल्याशिवाय सुरू करू नका", आणि गेल्या गेल्या सिलिंडरपाशी हात नेऊन बघायचा, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा उशीर झाला होता. पण आता ते मी कधी विसरणार नाही. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी गार इंजिन काही केल्या सुरू होईना. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला.

पहिल्या दुकानात प्लग बदलून मिळाला. काय बिघडलंय, असं विचारलं तर उत्तर आलं, "घरातल्या कुणा पुरुषमाणसाला पाठवा, त्याला समजावून सांगतो." दुसरीकडे करवत आत नेली, पडद्यामागे कार्बोरेटर साफ केला म्हणे, आणि बाहेर आणून माझ्यासमोर स्क्रू पिळला. करवत किंचाळायला लागली. "बघा, नव्यासारखी पळतेय!" मला इतका आनंद झाला होता, काका. घरी येऊन लगेच खोडाला लावली. काही मिनिटं कापलं असेल, तोच आवाज आपोआप चढत गेला आणि गळा आवळल्यासारखी ती जागच्या जागी बंद पडली. तिसऱ्याने तर एकही स्क्रू उघडला नाही. दोरी दोनदा ओढली आणि म्हणाला, "बोअर गेलंय. भंगारात घाला आणि नवी घ्या." तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तुम्हाला दाखवून काय कळणार?"

खरं सांगायचं तर त्या तिसऱ्याचं निदान, म्हणजे सिलिंडर आतून झिजल्याचं, अगदीच चुकलेलं नव्हतं. सरावलेल्या हाताला दोरी ओढतानाच कॉम्प्रेशनचा, म्हणजे आत हवा किती दाबली जातेय त्याचा, अंदाज येतो. दोरीला जोरच लागत नसेल, तर पिस्टन आणि त्याच्याभोवतीच्या रिंगा दमल्या आहेत, हे ओळखू येतं. पण त्याचं ते शेवटचं वाक्य मी घरी घेऊन आले आणि कितीतरी दिवस ते डोक्यातून गेलं नाही.

मग तुमच्याकडे आले. आले म्हणजे हात जोडूनच आले. पुन्हा काय ऐकावं लागेल याची तयारी ठेवून.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. सायलेन्सर काढलात. तो निघाला की सिलिंडरला एक छोटी खिडकी उघडी पडते आणि आतला पिस्टन दिसतो, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही टॉर्च लावलात, वाकून बघितलंत. क्षणभर थांबलात. आणि मग टॉर्च माझ्या हातात दिलात, स्टूलवरून उठून बाजूला सरकलात आणि म्हणालात, "बसा. बघा."

बाकी सगळं नंतर आलं, काका. पिस्टन आला, रिंगा आल्या, सील आलं. पण मला विचाराल तर माझी करवत त्या क्षणी दुरुस्त झाली. तुम्ही तुमच्या बसायच्या जागेवर मला बसवलंत. दोरी हळूहळू ओढत राहिलात, म्हणजे पिस्टन वर-खाली सरकेल आणि मला नीट दिसेल. धातूवर उभे ओरखडे होते, मांजराने नखं ओढावीत तसे, आणि मधे मधे राखाडी लेप फासल्यासारखं काहीतरी. मग तुम्ही करवत फिरवून कार्बोरेटरच्या बाजूने तोच पिस्टन दाखवलात. तिकडे तो गुळगुळीत होता. कारखान्यात घडवताना उठलेल्या बारीक आडव्या रेघासुद्धा अजून शाबूत होत्या. आणि तुम्ही विचारलंत, "एकाच बाजूला का झालं असेल?"

विचारलंत आणि थांबलात. उत्तराची वाट बघत थांबलात. तिन्ही दुकानांत मिळून मला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. मी चाचरत म्हणाले, "त्या बाजूने गरम धूर बाहेर पडतो म्हणून?" तुम्ही फक्त मान हलवलीत आणि पुढचं सांगायला लागलात, जणू मी हे ओळखणारच होते.

टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाची वेगळी टाकी नसते, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल हेच त्याचं वंगण, हे मी तेव्हा शिकले. माझ्या करवतीला 50 ला 1, म्हणजे लिटरमागे 20 मिलिलिटर, मापून. (विकणाऱ्याने मला "अंदाजाने टाका" म्हणून सांगितलं होतं.) त्यामुळे पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचतं आणि वर उष्णताही वाढते. त्या दुसऱ्या दुकानात स्क्रू पिळून पेट्रोलच तोडलं होतं. ज्या किंचाळण्यावर मी खूश झाले होते, तो उपाशी इंजिनाचा आवाज होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तुम्ही बघितलंत बहुतेक, कारण लगेच म्हणालात, "तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही."

दुसरा कुणी असता तर तिथेच थांबून नवा पिस्टन बसवला असता. तुम्ही म्हणालात की नुसता पिस्टन बदलला तर पेट्रोलच्या काही टाक्यांत तोही जळेल, आधी हवा कुठून शिरतेय ते शोधू. सगळी तोंडं बंद करून इंजिनात हवा भरलीत आणि साबणाचं पाणी लावलंत. तेव्हाही मला हाक मारलीत. फ्लायव्हीलमागच्या, म्हणजे इंजिनाच्या जड फिरत्या चाकामागच्या, ऑइल सीलपाशी बारीक बुडबुडे फुटत होते. त्या वीतभर यंत्राचं सगळं दुखणं त्या एवढ्याशा कडक झालेल्या रबरी कड्यात होतं. सीलजवळून चोरून हवा शिरायची, मिश्रण पातळ व्हायचं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि इंजिन आतून तापायचं. प्लग बदलून काय होणार होतं? सिलिंडरच्या आतला कडक थर मात्र शाबूत निघाला, वर चिकटलेलं पिस्टनचं ॲल्युमिनियम तेवढं काढावं लागलं. ते कसं काढलंत, ते मी इथे लिहीत नाही. तो तुमच्या हाताचा भाग आहे.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी, कारण ती आठवली की अजून अंगावर काटा येतो.

करवत जोडून होत आली होती. तुम्ही पुढचा हँडगार्ड ढकलून चेन ब्रेक लावलात. कट्ट असा आवाज आला. तो आवाज मी पहिल्या दिवसापासून ऐकत होते आणि ब्रेक चांगला आहे असं समजत होते. तुम्ही हातमोजा घातलात, चेन धरून ओढलीत, आणि ती बारवरून, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते त्या लांब पात्यावरून, सरसर फिरली. तुमचा चेहरा बदलला. झाकण उघडून दाखवलंत, तर क्लचच्या ड्रमभोवती आवळली जाणारी पोलादी पट्टी तुटलेली. खटका वाजत होता, पण आत धरायला काहीच नव्हतं. तीन दुकानांतून ती करवत फिरून आली होती, काका. तिघांपैकी एकानेही ही चेन हाताने ओढून बघितली नव्हती.

बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर अख्खी करवत उसळून तोंडाकडे येते, आणि ते इतक्या झटक्यात होतं की माणसाला हात आवरायलाही वेळ मिळत नाही. तो ब्रेक त्या क्षणासाठीच असतो. तुम्ही हे शांतपणे सांगत होतात आणि मी ती काही मिनिटं आठवत होते, जेव्हा ती किंचाळणारी करवत घेऊन मी एकटी खोडाशी वाकले होते. तुम्ही इंजिनाचा प्लग काढून खिशात टाकलात आणि म्हणालात, "नवी पट्टी येईपर्यंत ही सुरू करायची नाही. तुम्ही नाही, मीही नाही." पट्टी यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत तुम्ही एकदाही "तात्पुरतं चालवून घ्या" म्हणाला नाहीत. मला घाई होती आणि मी दोनदा विचारलंही होतं. तुम्ही नकार दिलात, त्याबद्दल वेगळे आभार मानते.

लोक चांगुलपणा म्हणजे गोड बोलणं समजतात. तुम्ही गोड बोललेलं मला एक वाक्यही आठवत नाही. तुम्ही मला "ताई, काळजी करू नका" म्हणाला नाहीत, भावात सूट दिली नाहीत, चहा पाजला नाहीत. केलेल्या कामाचे पैसे घेतलेत, बदललेला प्रत्येक भाग समोर मांडून दाखवलात आणि जुना पिस्टन फडक्यात गुंडाळून मला परत दिलात, कारण तो माझा होता. ज्याच्या हातात विद्या आहे, त्याच्यापुढे समोरचा माणूस लाचारच असतो. त्या लाचारीचा फायदा घ्यायचा नाही एवढं जरी माणसाने पाळलं, तरी ते फार मोठं आहे. आणि तुम्ही तर ती लाचारीच उरू दिली नाहीत.

चेनला धार लावायला शिकवलीत तो दिवस तर माझ्या फार आवडीचा. आधीच्या कुणीतरी ग्राइंडरवर धरून काही दात निळे पाडले होते. ताव उतरलेलं ते पोलाद धार धरत नाही, हे तुम्ही कानस लावून दाखवलंत. मग नवी चेन, 4.8 मिलिमीटरची गोल कानस, प्रत्येक दाताला मोजून तेवढेच हात, आणि कानस फक्त पुढे जाताना दाबायची. एका बाजूचे दात जास्त घासले गेले तर करवत लाकडात वाकडी जाते. मी घासत होते आणि तुम्ही गोष्ट सांगत होतात, अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्सची. 1946 मध्ये त्याने लाकूड पोखरणारी एका भुंगेऱ्याची अळी बघितली. ती आपल्या वळलेल्या जबड्यांनी डावी-उजवीकडे कापत टणक लाकडातून आरामात पुढे सरकत होती. त्या जबड्यांवरून त्याने करवतीचे दात घडवले, 1947 मध्ये ती चेन बाजारात आली, आणि आजही आपण ज्या दाताला कानस लावतो तो मुळात त्या अळीचा जबडा आहे. इतकी वर्षं हे काम करूनही ती गोष्ट सांगताना तुमचे डोळे चमकत होते. त्या दिवसापासून प्रत्येक दाताकडे मी थांबून बघते.

काल काम करताना तुम्ही सांगितलेलं सगळं आठवत होतं. हेल्मेट, आतून धाग्यांचे थर असलेली पँट, सुरू करण्याआधी ब्रेक लावून चेन ओढून बघणं. आणि आवाज. पूर्ण रेस दिली की मोकळ्यावर इंजिन जरा अडखळल्यासारखं, भरभरल्यासारखं वाजायला हवं आणि लाकडात शिरलं की तोच आवाज साफ व्हायला हवा, असं तुम्ही म्हणाला होतात. काल तसंच वाजत होतं. बुंध्याखाली पिठासारखा भुसा नव्हता, जाड, लांब ढलप्या पडत होत्या. पायाशी त्यांचा ढीग झाला तेव्हा मी इंजिन बंद करून मूठभर उचलल्या. ओल्या लाकडाचा वास हाताला अजून आहे.

नव्या रिंगा बसल्या की कार्बोरेटरचा मोठा स्क्रू आवाज ऐकून पुन्हा एकदा लावावा लागेल, असंही तुम्ही सांगितलं होतं. पाच टाक्या पूर्ण झाल्या आहेत. सोमवारी सकाळी करवत घेऊन येते. जुना स्टार्टर उघडून बघायचाय, दोरी एका जागी विरली आहे असं वाटतंय. या वेळी मी उघडते, तुम्ही बघा.

तुमची ऋणी,
बागेतली झाडं कापणारी