सईच्या बीएबद्दल

ठाणे (पश्चिम)

प्रिय मंदार,

सईला बीएला इंग्रजी घ्यायचंय आणि घरात "पुढे काय?" यावरून रोज वाद होतोय, हे वहिनींकडून कळलं. माझं मत आधीच सांगतो, घेऊ दे. फक्त एक गोष्ट तुम्ही तिघांनीही पक्की लक्षात ठेवा. इंजिनीअरिंग किंवा नर्सिंगमागे ठरावीक काम असतं, तसं या पदवीमागे नसतं. या वर्षांत तिने मूळ पुस्तकं किती वाचली, किती पानं लिहून पुन्हा लिहिली आणि जोडीला दुसरं काय शिकली, यावर पुढचं ठरेल.

मुंबई विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी आधी उरकून घ्या, त्यानंतर प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा. एबीसी आयडीही (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक) काढून ठेवा, विषय पास झाल्यावर मिळणारी क्रेडिट त्यावरच जमा होतात. ऐरोलीहून ठाण्याचं जोशी-बेडेकर सोयीचं, मधे एक दिघा लागतं. पण ते घ्या नाहीतर वाशी-पनवेलकडचं एखादं, पैसे भरण्याआधी इंग्रजी विभागात स्वतः जाऊन विचारा की तिसऱ्या वर्षाला इंग्रजी मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून, चालतं का. काही ठिकाणी पुरेशी मुलं नसली की दुसऱ्या वर्षानंतर विषय बंद होतो आणि ऐनवेळी कॉलेज बदलावं लागतं. पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि अभ्यासक्रमातली पुस्तकं ग्रंथालयात आहेत का, हेही बघा. नुसती गाईडं दिसली तर समजून जा.

पुण्याचं फ्लेम, सोनीपतचं अशोका अशा लिबरल आर्ट्सच्या खासगी विद्यापीठांचं नाव तिने घेतलं असेलच. तिथे वर्ग लहान असतात, लिहिलेलं तपासून मिळतं, पण वर्षाची फी लाखांत जाते. चांगली शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर पाठव. बीएसाठी कर्ज मात्र काढू नकोस. 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य विषयाला दुसरा जोडविषय घेण्याची, सोय आपल्याकडच्या साध्या कॉलेजांतही आली आहे.

मायनरकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच फसतात. मैत्रिणी मानसशास्त्र घेतायत म्हणून आपणही, असं नको. बातमीदारीकडे ओढा असेल तर अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र. अनुवादाकडे असेल तर मराठी, नाहीतर हिंदी. केंद्र सरकारी कार्यालयांतल्या हिंदी अनुवादकाच्या जागांना इंग्रजीत एमए झालेला उमेदवार चालतो, पण पदवीला हिंदी असावं लागतं, शिवाय अनुवादाचा डिप्लोमा किंवा दोन वर्षांचा अनुभव. एमए झाल्यावर हे कळून उपयोग नसतो.

आता अभ्यासाचं. बहुतेकांचा घात पहिल्याच सेमिस्टरला होतो, कारण कविता न वाचता कवितेबद्दल वाचतात. समजा, तिला एक सुनीत (सॉनेट) नेमलंय. चौदा ओळी. आधी दोनदा मोठ्याने वाचायचं. मग पेन्सिलीने आघात, म्हणजे उच्चारात जोर पडतो त्या जागा, मोजायचे, ओळीत साधारण पाच येतात. जिथे ते अडखळतात तिथे थांबायचं, तिथे बहुधा कवीला काहीतरी म्हणायचं असतं. इटालियन घाटाचं सुनीत असेल तर आठव्या ओळीनंतर विचार वळतो, शेक्सपिअरच्या घाटात तो पुष्कळदा शेवटच्या दोन ओळींत वळतो. "मी" कोणाशी बोलतोय, क्रियापदाचा काळ कुठे बदलतो, हे समासात टिपायचं. त्यानंतर एक पान लिहायचं: एक विधान, त्याला आधार देणारी ओळ आणि त्या ओळीतला नेमका कोणता शब्द ते सिद्ध करतो. "कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे" असलं वाक्य दुसऱ्या कुठल्याही कवितेला चिकटवता येतं, म्हणून ते खोडायचं. कथा-कादंबरीच्या उत्तरात नुसतं कथानक सांगत बसणं हा त्याचाच भाऊ. असं आठवड्याला एक पान लिहून तपासून घेतलं तर तिसऱ्या वर्षी हात तयार होतो.

पुढच्या वाटा. शाळेत शिकवायचं तर दोन वर्षांचं बीएड. त्याला सीईटी आहे आणि इंग्रजी माध्यमासाठी ईएलसीटी हा वेगळा पेपर. कॉलेजात शिकवायचं तर एमएला 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटला तीन तासांत 150 प्रश्न, 300 गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. मात्र पास झाल्यावरही अनेकांची वर्षं तासिका तत्त्वावर जातात, हे सईपासून लपवू नकोस. बीएचं चौथं वर्ष संशोधनाची खरी आवड असेल तरच करावं, संशोधनासह ऑनर्सच्या पदवीसाठी पहिल्या सहा सेमिस्टरना 75 टक्के लागतात. तीन वर्षांच्या एलएलबीला ही मुलं चांगली रुळतात, कारण कलमातला एकेक शब्द तपासायची सवय झालेली असते.

महापे, ऐरोली, वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांत टेक्निकल रायटिंग, ई-लर्निंगचं लेखन, संपादन अशी कामं निघतात. तिथे गुणपत्रिकेपेक्षा नमुने बघतात. दुसऱ्या वर्षापासून तीन तयार ठेवावेत: एखाद्या यंत्राच्या किंवा अ‍ॅपच्या वापराच्या पायऱ्या, संपादनाआधीचं आणि नंतरचं एक पान, आणि मराठीतून इंग्रजीत केलेला एक लेख. सबटायटलिंगही करून बघायला सांग. इंग्रजीत एका ओळीला साधारण 42 अक्षरं, पडद्यावर फार तर दोन ओळी. पात्र भराभर बोलत असतं आणि वाचणाऱ्याला तेवढा वेळ नसतो, त्यामुळे काय गाळायचं हे ठरवावं लागतं. मराठी पक्कं असलेल्यालाच ते नीट जमतं. तेव्हा इंग्रजी घेतलं म्हणून तिचं मराठी वाचन तोडू नका.

यादी लागेपर्यंत सईला तिच्या आवडीच्या एका इंग्रजी कवितेवर वर सांगितलं तसं एक पान लिहायला सांग आणि मला पाठव. मी लाल पेनने तपासून देतो. रविवारी दोघे आलात तर समोर बसूनच बघू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश