तिसावी ओळ आणि बोटभर पेन्सिल

तीर्थस्वरूप काकूंना,
साष्टांग नमस्कार.

चेक आला.

फोन करून सांगितलं असतं, पण त्या दिवशी तुमचा नंबर मागायचं सुचलंच नाही. म्हणून हे असं उघड पत्र. इथल्या, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळींत फिरत फिरत ते तुमच्यापर्यंत पोचेलच, आपल्या लोकांत कुठली गोष्ट जागच्या जागी राहते?

मंगळवारी खाली टपालाच्या पेटीत पिझ्झाच्या कूपनांखाली होता. फिकट रंगांचा कागद, त्यावर स्वातंत्र्यदेवी. टॅक्समधून परत मिळायचे राहिलेले सतराशे डॉलर आणि वर व्याज. त्या व्याजावरही कर लागतो हे तुम्ही मार्चमध्येच बजावून ठेवलं होतं, तेव्हा पाकीट जपून ठेवलंय. पण मी आकड्याकडे नंतर पाहिलं. आधी पाहिली नावं. चेकवर आम्हा नवरा-बायकोची दोघांची नावं होती, खाली माझं, पूर्ण, स्पेलिंग न चुकता. या देशात येऊन पाच वर्षं होतील, माझं नाव असलेला हा पहिला चेक. जिन्यातच बसले थोडा वेळ.

काकू, तुम्हाला आमची सगळी कथा कधी सांगितलीच नाही. तुम्ही विचारलीही नाही. आता सांगते.

मार्च २०२० मध्ये स्टिम्युलसचा, म्हणजे कोरोनाच्या काळात सरकारने घरोघरी पैसे देण्याचा, पहिला कायदा झाला तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरा विषय नव्हता. मोठ्या माणसाला बाराशे, लहान मुलामागे पाचशे. आमच्यासारख्यांसाठी त्यात एक मेख होती. नवरा-बायकोने टॅक्सचा रिटर्न एकत्र भरला असेल आणि दोघांपैकी एकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल, तर सगळ्या घराला शून्य. सूट होती ती सैन्यातल्यांना. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर आलेल्या, कामाची परवानगी नसलेल्या माझ्यासारखीकडे नंबर कुठला? माझ्याकडे नऊने सुरू होणारा आयटीआयएन, तो नंबर न मिळणाऱ्यांना फक्त टॅक्सपुरता देतात. नवऱ्याला नंबर, इथे जन्मलेल्या मुलीला नंबर, आणि माझ्यापायी दोघांचंही गेलं.

हे आम्हाला कसं कळलं तेही ऐका. आमचा रिटर्न तेव्हा एक गृहस्थ भरायचे. आपलेच, गणपतीत आरतीला पुढे असणारे. नवऱ्याने त्यांना फोन लावला, स्पीकरवर. मी ओट्याशी भांडी घासत होते. ते म्हणाले, "मिसेस आयटीआयएनवाल्या आहेत ना? मग विसरा." आणि हसले. कायदा तसाच होता, त्यात त्यांचा दोष नाही. पण "आयटीआयएनवाली" हा शब्द त्या दिवशी घरात आला तो आलाच. नवरा तसा चांगला, टोमणा मारणारा नव्हे. तरी त्या दिवसांत त्याच्या कंपनीत माणसं कमी करत होते. एच-वनवाल्याची, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची, नोकरी गेली की दुसरी शोधायला हातात साठ दिवस. रात्री तो लॅपटॉपवर हिशेब मांडत बसायचा, आणि मला वाटायचं, त्या हिशेबातली वजाबाकी म्हणजे मी.

२७ डिसेंबर २०२० ला कायदा बदलला, तोही मागच्या तारखेपासून. ज्याच्याकडे नंबर आहे त्याला आणि मुलाला पैसे मिळणार, जोडीदाराचा आयटीआयएन असला तरी. मदतीच्या दुसऱ्या फेरीचे, नवऱ्याचे सहाशे आणि मुलीचे सहाशे असे बाराशे जानेवारीत आपोआप खात्यात आले. पहिल्या फेरीचे राहिलेले सतराशे मात्र रिटर्नमधून मागायचे होते, फॉर्म १०४० च्या तिसाव्या ओळीत. मी हे कुठेतरी वाचलं आणि त्याच गृहस्थांना फोन करायला लावला. उत्तर आलं, "वहिनींना सांगा, व्हॉट्सॲपवर काहीही येतं." वर दीडशे डॉलर फी.

तेव्हा मी म्हटलं, यंदा आपणच भरू. सॉफ्टवेअर आहे, मी बीकॉम आहे, सांगलीत पतसंस्थेत तीन वर्षं खतावणी केली आहे. एवढं जमणार नाही?

नाही जमलं. आणि इथे चूक सर्वस्वी माझी, कोणावर ढकलत नाही. पडद्यावर दोन चौकोन होते. पहिल्या फेरीचे किती, दुसऱ्या फेरीचे किती. मी समजले, जे आपल्याला मिळायला हवेत ते लिहायचे. पहिल्या चौकोनात १,७०० टाकले, दुसऱ्यात १,२००. प्रश्न होता, मिळाले किती. यंत्राला काय, त्याने सतराशेतून सतराशे वजा केले, बाराशेतून बाराशे वजा केले, तिसाव्या ओळीत शून्य मांडलं आणि मला हिरवी खूण दाखवून अभिनंदन केलं. रंगीत कागदाचे तुकडेसुद्धा उडवले पडद्यावर. मी मुलीला बोलावून ते दाखवलं.

सतराशे काही आले नाहीत. आम्ही थांबलो, मग पुन्हा थांबलो. सॉफ्टवेअरच्या मदत-खिडकीत मी तीनदा तोच प्रश्न विचारला आणि तीनदा तेच उत्तर डकवून मिळालं, माझ्या नावाच्या जागी एकदा भलत्याच बाईचं नाव. टॅक्स खात्याच्या सरकारी फोनवर तर आवाजच रेकॉर्डचा, नंतर फोन बंद. पुढे करदात्यांची बाजू मांडणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा, म्हणजे नॅशनल टॅक्सपेअर ॲडव्होकेटचा अहवाल आला त्यात होतं की २०२१ च्या आर्थिक वर्षात २८ कोटी २० लाख फोन आले आणि माणसाने उचलले त्यातले ३ कोटी २० लाख. वाचून जरा बरं वाटलं. निदान माझ्या एकटीच्याच नशिबाला ते नव्हतं. शेवटी आरतीवाल्या गृहस्थांना पुन्हा विचारलं तर म्हणाले, "सॉफ्टवेअर शून्य दाखवतंय म्हणजे शून्यच." दुरुस्तीचा रिटर्न भरायचा तर दोनशे डॉलर, आणि तेही काही निघेल अशी खात्री नाही. नवरा म्हणाला, सोड. मी सोडलं. म्हणजे तोंडाने सोडलं.

आणि मग २०२२ चा फेब्रुवारी. ग्रंथालयात मुलीची पुस्तकं परत करायला आले होते, तर दारावर टॅक्स-एडची पाटी, स्वयंसेवक बसून लोकांचा रिटर्न भरून देतात त्याची. फुकट, वयाची अट नाही. पुढच्या आठवड्यात वेळ घेऊन कागदांची पिशवी घेऊन आलो. नवरा रजा टाकून आला होता आणि दर पाच मिनिटांनी फोन बघत होता. तुम्ही मास्क लावलेला, गळ्यात दोरीला चष्मा, पुढ्यात लॅपटॉप. आमचं आडनाव वाचलंत आणि चष्म्यावरून बघून म्हणालात, "सांगलीकडचे का?" मला तिथेच रडू येणार होतं, पण नवरा होता.

तुम्ही पहिलं काय मागितलंत तर गेल्या वर्षीचा रिटर्न. इतकी वर्षं त्या गृहस्थांनी कधी मागचा कागद उघडून पाहिला नव्हता. तुमचं बोट पानावरून खाली सरकत गेलं आणि तिसाव्या ओळीवर थांबलं.

"हे शून्य कसं गं?"

गं म्हणालात. मला विचारलंत. टेबलाशी सगळे नवऱ्याकडे बघून बोलतात, बँकेत, डॉक्टरकडे, घरमालकाकडे. नोकरी त्याची, व्हिसा त्याचा, नंबर त्याचा. तुम्ही कागद उचललात, सरळ माझ्याकडे फिरवलात आणि ग्रंथालयाच्या त्या पत्र्याच्या डब्यातली बोटभर पेन्सिल काढून माझ्या हातात दिलीत. मागे रबर नसलेली, कुणीतरी चावलेली. म्हणालात, "वजाबाकी तू कर. मिळायला हवे किती, ते वर लिही. मिळाले किती, ते खाली."

मी लिहिलं. १,७००. खाली शून्य. रेघ ओढली, पतसंस्थेत ओढायचे तशी पट्टी न घेता सरळ. उत्तर लिहिलं. मग दुसऱ्या फेरीचे, १,२०० वजा १,२००. तुम्ही गप्प होतात. शेजारच्या टेबलावर प्रिंटर घरघरत होता. माझ्या आपोआप लक्षात आलं की गेल्या वर्षी मी काय केलं होतं, आणि मी म्हणाले, "अय्या, मीच..." तुम्ही वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत. "बरं, पुढे काय करायचं ते बघू," म्हणालात आणि चष्मा नाकावर चढवलात. झालं. कुणी भरलं होतं, प्रश्न नीट वाचला नव्हता का, एवढं शिकून असं कसं, यातलं काही नाही. नवऱ्याने प्रथमच फोन खिशात ठेवला आणि माझी वजाबाकी वाकून पाहिली.

पुढचं सगळं तुमचं. दुरुस्तीचा फॉर्म, टपाल, वाट बघणं. तुमच्यामागे बसलेल्या त्या उंच अमेरिकन आजोबांनी सगळे आकडे पुन्हा पहिल्यापासून तपासले, हे मला विशेष वाटलं. तुम्ही केलेलं कामसुद्धा दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही, आणि तुम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. "दर वर्षी परीक्षा देते मी, अजून नापास झाले नाही," असं हसून म्हणालात. बँकेतून निवृत्त झालेली बाई, लेकीकडे राहायला आलेली, दुपारी निवांत मालिका बघत बसली असती तर कुणी काय म्हणणार होतं?

काकू, २०१९ च्या पुरात आमच्या माहेरच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याचे कागद, बँकेचं पासबुक, आधार, सगळ्याचा लगदा. आई सांगायची, शाळेच्या व्हरांड्यात एक निवृत्त मास्तर डेस्क टाकून बसायचे आणि जो येईल त्याचा अर्ज लिहून द्यायचे. पैसे नाहीत, चहाही घरून थर्मासमध्ये आणायचे. आईला लिहिता येतं, चांगलं येतं. पण तेव्हा हात थरथरत होता. मास्तरांनी तिला विचारलं, "सही तुम्ही करताय ना? मग नाव मोठ्याने सांगा." आईने सांगितलं. ती अजून ती गोष्ट सांगते, अनुदान किती मिळालं ते विसरली. मी तेव्हा फोनवर हं हं करत ऐकलं होतं. मला कळलं ते ग्रंथालयात, हातात ती पेन्सिल आल्यावर.

अशी माणसं असतात, सगळीकडे थोडी थोडी असतात, आणि बहुधा त्यांची पाटी हाताने लिहिलेली असते. ज्यांच्या पाट्या चकचकीत, त्यांच्याकडे आपण आधी जातो. मीही तेच केलं. आरतीवाल्या गृहस्थांचा मला आता राग नाही. खोटं कशाला बोलू, आहे थोडा. यंदा गणपतीत त्यांनी विचारलं, "मग, भरलात का टॅक्स?" मी म्हटलं, "हो, मीच बसले होते." बाकी काही सांगितलं नाही.

चेक भरायला बँकेत गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीने तो उलटा केला आणि माझ्यापुढे सरकवला. दोघांच्या नावचा असल्यामुळे मागे दोघांच्याही सह्या लागतात. नवऱ्याने झटकन केली. मी सावकाश केली, पूर्ण नावाची, पतसंस्थेतल्यासारखी. ती मुलगी थांबून राहिली होती, राहू दे.

त्यातल्या पैशांचं काय केलं ते तुम्ही विचारणार नाही, पण सांगते. बरेचसे नवऱ्याने आणीबाणीसाठी ठेवले, ते योग्यच. मी दोनशे मागून घेतले आणि कम्युनिटी कॉलेजच्या अकाउंटिंगच्या वर्गाची चौकशी करून आले. फी पुरेल इतके नाहीत, बघू.

आणि एक कबुली. ती पेन्सिल मी पर्समध्ये टाकून घरी आणली. चोरीच म्हणा. फ्रिजवर मुलीच्या चित्राशेजारी लोहचुंबकाखाली अडकवली आहे, फेब्रुवारीत परत करते. पाटी लागली की येईनच, पण त्याआधी दिवाळी आहे. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर ग्रंथालयाच्या काउंटरवर निरोप ठेवा, फराळाचा डबा तिथे आणून देते. चिवडा चांगला झालाय. चकल्या यंदा मऊ पडल्या, इथलं पीठ अजून हाताला बसलेलं नाही, तेवढं चालवून घ्या.

तुमची,
सांगलीकडची