कौल कुठलं, आढं कुठलं?

आदरणीय बाई,
सा. न.

तुमच्या निरोप समारंभात मी दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. माइक समोर आला की माझी दातखिळीच बसते. राहिलेलं आज लिहितेय, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. इतर शिक्षकांनाही ते उपयोगी पडेल.

पाचवीचा शिष्यवृत्तीचा वर्ग माझ्याकडे पहिल्यांदाच आला होता. 'उताऱ्याला योग्य शीर्षक द्या' असा प्रश्न आला की मी बजावायचे, पहिली ओळ बघा, नाहीतर शेवटची. गोष्ट असली की निभायचं. माहितीचा उतारा आला की बोंब. लोणारच्या उताऱ्याला मुलांनी तीन उत्तरं दिली: 'लोणार सरोवर', 'उल्का पडली', 'गुलाबी पाणी'. मी बरोबर उत्तर फळ्यावर लिहिलं, मुलांनी उतरवून घेतलं. झालं शिकवून!

तुम्ही भिंतीपलीकडून ऐकत होतात. मधल्या सुट्टीत, खिचडीच्या रांगेवर नजर ठेवून, एवढंच म्हणालात, "उत्तर तू शोधलंस गं. पोरांनी काय शोधलं?" राग आला होता मला. आता सांगते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापून आणल्यात. एका पट्टीवर एक वाक्य. सगळ्या जमिनीवर ओळीनं मांडल्यात आणि विचारलंत, "घराचं एक कौल सरकलं तर काय होतं?"

"गळतं!" कोकणातल्या पोरांना हे काय सांगायचं?

"आणि आढं काढलं तर?"

"पडतं!"

मग एकेक पट्टी उचलायची आणि उरलेलं वाचायचं. 'विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर' उचलली, उतारा जागच्या जागी. उल्केची उचलली, तरी उभाच. पोरं हिरमुसली, त्यांना तीच सगळ्यात आवडली होती. '२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं' ही उचलली, तर पुढच्या ओळी कशाबद्दल आहेत तेच कळेना. पाणी आटून खारटपणा वाढल्याची पट्टी काढली, तर कारणच गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला पाण्यात मीठ मानवणारे सूक्ष्मजीव सापडले, ती पट्टीही हलवता येईना. म्हणजे आढं कुठल्या एका ओळीत नव्हतंच. तिन्ही जोडून ते बनवायला लागणार होतं. मी मात्र वर्षभर मुलांना ते पहिल्या ओळीत शोधायला लावत होते.

"लोणार सरोवर हे नाव झालं. त्याचं काय, ते सांगा," तुम्ही म्हणालात. एरवी तोंड न उघडणारी मागच्या रांगेतली मुलगी उठली. "पाणी आटून खारट झालं, म्हणून त्यातले बारीक जीव वाढले अन् तळं गुलाबी दिसलं." तुम्ही शाबास वगैरे काही म्हणाला नाहीत. "पुन्हा सांग," म्हणालात. ती पुन्हा बोलली, या वेळी मोठ्यानं.

तेव्हापासून वर्गात हीच भाषा चालते. पर्यायांवर बोट ठेवून पोरं परस्पर निकाल लावतात, "हे नुसतं कौल आहे." गाइडातल्या तयार शीर्षकांनाही सोडत नाहीत.

मागच्या आठवड्यात मात्र मी अडकले. उतारा बांबूचा: टोपल्या, सुपं, कागद, बासरी, कोंबाची भाजी. कुठलीही पट्टी उचला, काही पडेना. एकानं जाहीर केलं, "बाई, ह्या घराला आढंच नाय." खडू हातात, उत्तर ओठांवर. तुमची ती खिचडीची रांग आठवली आणि मी गप्प बसले. बराच वेळ गेला. मग खिडकीजवळचा एक पोरगा म्हणाला, "मग एवढी कौलं टेकलीत कशावर?"

पुढची अख्खी तासिका त्यांनीच घेतली, बाई. मी खाली पट्ट्या गोळा करत होते.

तुमच्याकडे जुनी कॅलेंडरं असतील तर टाकू नका. गणपतीत येईन तेव्हा घेऊन जाते.

तुमची,
शेजारच्या वर्गातली