लोणारचं तळं वाचवताय, तसे तळ्याबाहेरचे दगडही वाचवा

मा. केंद्रीय खाण मंत्री महोदय यांस,

साहेब, सप्रेम नमस्कार. मी मेहकरकडचा, शाळेत विज्ञान शिकवतो, आणि दर हिवाळ्यात पोरांना घेऊन लोणारला जातो. काठावर उभं राहून खाली तळं दिसलं की पोरं एकदम गप्प होतात, आणि मग पहिला प्रश्न ठरलेला असतो, सर ती उल्का कुठंय? दरवर्षी तेच सांगतो की ती सापडणार नाही, आदळली तेव्हाच बहुतेक सगळी वितळली नाहीतर वाफ होऊन गेली, पण ती आली होती याचा पुरावा तुमच्या पायाखाली आहे. त्या पायाखालच्या पुराव्याबद्दलच हे पत्र आहे.

लोणार सगळ्यांना माहीत आहे ते तळं म्हणून. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्या देशाने फोटो बघितले, पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं की खारं पाणी आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, त्याच वर्षी नोव्हेंबरात रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव लागलं. अभयारण्य तर २००० पासून आहेच. हे सगळं चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण यातलं सगळं पाण्यासाठी, पक्ष्यांसाठी, झाडांसाठी आहे. दगडांसाठी काय? आणि दगडांचं खातं तुमच्याकडे आहे, जीएसआय म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण तुमच्याच मंत्रालयाखाली येतं, म्हणून वनखात्याला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

लोणारचं हे विवर ज्वालामुखीचं नाही, उल्का आदळून झालंय, हे सिद्ध करायला दीडशे वर्ष गेली. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याची नोंद केली, त्यानंतर कितीतरी वर्ष लोक म्हणत राहिले की आपला सगळा दख्खनच लाव्हाचा आहे तर हेही ज्वालामुखीचंच तोंड असणार. म्हणायला सोपं होतं ते. पण आपल्याकडे काळ्या पाषाणाचे थर कसे असतात तर आडवे, कुठलाही घाट बघा, पायऱ्या रचल्यासारखे दिसतात, आणि लोणारच्या काठावर मात्र तेच थर उचकटून बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, काही ठिकाणी तर पार उलटे होऊन पडलेत, म्हणजे जुना थर वर आणि नवा खाली. मग तळ्याच्या तळाला बोअर मारले. वरचा शंभरेक मीटर गाळ गेल्यावर खाली चुराडा झालेला बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, लागला आणि त्यात मॅस्केलिनाइट सापडलं. ही काच आहे पण वितळून झालेली नाही, दगडातल्या फेल्डस्पार खनिजावर इतका प्रचंड दाब एका क्षणात आला की ते जागच्या जागी काच झालं. असा दाब साध्या हवेच्या दाबाच्या लाखो पट लागतो आणि तो कुठल्याही ज्वालामुखीला जमत नाही. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या चौघांनी हे ‘सायन्स’ मासिकात छापलं, त्यातले दोघं आपल्या जीएसआयचे होते. ही गोष्ट आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. आदळल्यावर जो माल उडाला तो काठाबाहेर चहूबाजूंनी पडला, किलोमीटरभर किंवा त्याहूनही लांब. त्यात साध्या फुटलेल्या दगडांचा थर आहे, आणि त्याच्यावर एक पातळसा थर आहे ज्यात वितळलेले दगड, काचेचे तुकडे आणि बाजरीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून बारीक मणी मिळतात. काही मण्यांमध्ये निकेल जास्त आहे आणि ते बाहेरून आलेल्या त्या पाहुण्याचं असावं असं अभ्यासक सांगतात, म्हणजे पोरं विचारतात ती उल्का असलीच तर तिथे आहे. आधी वय साधारण ५२ हजार वर्ष धरायचे, अजूनही बरेच जण तेच सांगतात, मग २०११ मध्ये वितळून थिजलेल्या दगडांवर आर्गॉन पद्धतीने, म्हणजे दगडातल्या आर्गॉन वायूवरून वय काढायच्या पद्धतीने, काम झालं आणि आकडा आला ५ लाख ७० हजार. दहापटीपेक्षा जास्त फरक, आणि तो मिटवायला परत तेच दगड लागणार.

आणि हा थर कुठंय, तर शेतात, वस्तीत, रस्त्याच्या कडेला. लोणार गाव काठाला लागूनच आहे. विहीर खणली, घराचा पाया काढला, बांध घातला, मुरूम उचलला की तो थर गेला. मी जिथे पोरांना नेऊन दोन थर बोटाने दाखवायचो असा एक छान उघडा कट होता, मागच्या हिवाळ्यात गेलो तर जेसीबी लावून जागा सपाट केलेली. कोणी केलं यात मला पडायचं नाही, ज्याने केलं त्याला ते काय आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं. पोरांना मी फोनमधला जुना फोटो दाखवला आणि परत आलो, फार वाईट वाटलं साहेब.

जर्मनीत रीस म्हणून २४ किलोमीटरचं जुनं विवर आहे, त्यात नॉर्डलिंगन गाव वसलंय. तिथलं मोठं चर्चसुद्धा आघातात बनलेल्या दगडाचं आहे. त्यांनी जुन्या खाणीतले थर जपून ठेवलेत, गावात विवराचं म्युझियम आहे, अपोलोचे अंतराळवीर तिथे दगड ओळखायला शिकले. आपलं लोणार तर बेसाल्टमधलं, चंद्रावर आणि मंगळावर तोच दगड आहे, म्हणून जगभरचे अभ्यासक इथे येतात.

माझं मागणं फार नाही. काठाबाहेरच्या थराचा गटनंबरवार नकाशा करून ग्रामपंचायती, नगरपरिषद आणि तहसीलला द्या. चार-पाच चांगले कट शोधा, शेतकऱ्याला योग्य मोबदला देऊन तेवढीच जागा राखा, सगळ्यांच्या जमिनीवर बंदी घालू नका, नाहीतर लोक या दगडांचा रागच करतील. डिसेंबर २०२२ मध्ये तुमच्या मंत्रालयाने भूवारसा जपायच्या कायद्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता, तो मार्गी लावा.

आणि एक छोटं दालन लोणारला करा, बोअरमधले दगड आणि ते मणी भिंगाखाली ठेवा. नागपूर जिल्ह्यात काटोलला २२ मे २०१२ ला भर दुपारी अशनी पडली, तिच्यात पुढे ब्रिजमनाइट नावाचं खनिज सापडलं, जे पृथ्वीच्या पोटात खूप खोल सगळ्यात जास्त असतं पण आपल्या हाताला लागत नाही. तिचा एखादा तुकडा तरी विदर्भातल्या पोरांना बघायला मिळू दे. जानेवारीत मी परत पोरांना घेऊन जाणार आहे. दुसरा एक कट मला माहीत आहे, अजून शाबूत आहे, तुमच्या खात्याचं कोणी आलं तर मी स्वतः दाखवीन.

आपला,
बुलढाणा जिल्ह्यातला एक शिक्षक