जितक्या जागा, तितकेच परवाने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात गडकिल्ल्यांवर होणाऱ्या गर्दीवर तुमच्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता, आणि पुढच्या आठवड्यात त्यावर एका वाचकांचं पत्रही तुम्ही छापलंत. त्यांचं म्हणणं असं की बाहेरच्या देशातली जंगलं मोकळी असतात कारण तिकडे माणसंच नाहीत, आपल्याकडे एवढी लोकसंख्या म्हटल्यावर गर्दी होणारच, कोण काय करणार. ते वाचल्यापासून डोक्यात तेच घोळतंय म्हणून शेवटी लिहायला बसलो. मी मूळचा चिंचवडचा, आता बरीच वर्षं कॅनडात टोरोंटोजवळ मिसिसागाला राहतो. चिंचवडला होतो तेव्हा शनिवार-रविवार सह्याद्रीत जायचा आणि इकडे उन्हाळा लागला की कनू घेऊन पाण्यावर. कनू म्हणजे ती लांबट निमुळती होडी, दोघं बसतात, एक पुढे एक मागे, आणि एकेरी पात्याच्या वल्ह्याने मारत जायचं. तर माणसं नाहीत म्हणून जंगल मोकळं, हे निदान मी जातो त्या जागेबद्दल तरी साफ खोटं आहे.

ती जागा म्हणजे अल्गोंक्विन पार्क. 1893 साली स्थापन झालेलं, साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या जवळपास निम्मं. टोरोंटोहून गाडीने तीन तास. आणि टोरोंटो नि भोवतालची शहरं धरली तर वस्ती साठ लाखांच्या वर आहे, त्यातल्या निम्म्यांना उन्हाळ्यात बाहेर पडायचं असतं कारण बाकीचं वर्ष बर्फात जातं. सप्टेंबरच्या शेवटी मेपलची पानं लाल झाली की पार्कमधून जाणाऱ्या हायवे 60 वर जी रांग लागते ती बघाच, गाड्या, बसेस, सेल्फी, सगळं आलं, भुशी डॅमची आठवण यावी इतपत. दिवसाचा गाडी परमिट आधी ऑनलाइन घेतला नसेल तर गर्दीच्या दिवसात गेटवरून परत यावं लागतं.

पण त्याच रस्त्यावरून कनू पाण्यात टाकायची, दोन-तीन तास वल्हवायचं, मध्ये एक-दोनदा होडी खांद्यावर घेऊन पुढच्या तळ्यात उतरायचं, की संध्याकाळपर्यंत समोरच्या काठावर एखादा धूर दिसला तर दिसला. पार्क तेच, विकएंड तोच, मग माणसं गेली कुठे? घरी राहिली, कारण परवाना मिळाला नाही.

पद्धत अगदी सरळ आहे. आतल्या भागात मुक्काम करायचा तर रात्रीगणिक तळ्याचं नाव देऊन बुकिंग करायचं. प्रत्येक तळ्यावर तंबूच्या जागा ठरलेल्या, झाडावर केशरी पाटी लावलेली, आणि त्या तळ्यावर जेवढ्या जागा आहेत त्या हिशोबानेच त्या रात्रीचे परवाने निघतात. संपले की संपले. एका जागेवर जास्तीत जास्त नऊ माणसं, दहावा असेल तर दुसरी जागा घ्या नाहीतर त्याला घरी ठेवा. बुकिंग पाच महिने आधी सकाळी सातला उघडतं, ऑगस्टच्या लाँग विकएंडला जायचं असेल तर मार्चमध्ये, खिडकीबाहेर बर्फ असताना, लॅपटॉप उघडून बसायचं आणि तत्काळ तिकिटासारखं बोट तयार ठेवायचं. आवडती तळी मिनिटांत जातात. मग लोक काय करतात, तर मधल्या वारी जातात किंवा आणखी लांबचं तळं घेतात, जिथे पोचायला जास्त पोर्टेज आहेत.

पोर्टेज हा प्रकार जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडच्या ट्रेकरला तो लगेच कळेल. दोन तळ्यांमधली पायवाट. सुरुवातीला पिवळी पाटी, तिच्यावर पुढच्या तळ्याचं नाव आणि अंतर मीटरमध्ये. कनू लेक नावाच्या तळ्यावरून ‘जो’ लेकला जाताना पहिलंच पोर्टेज 295 मीटरचं आहे, ते म्हणजे देवळाला प्रदक्षिणा. पण डिक्सन आणि बॉनफील्ड या तळ्यांमधलं पाच किलोमीटरच्या वर आहे. होडी उचलायची पद्धत अशी की आधी मांडीवर घ्यायची, मग एका झटक्यात डोक्यावरून उलटी करून मधला लाकडी आडवा दांडा दोन्ही खांद्यांवर बसवायचा, त्याला मानेसाठी खाच असते. केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याची हलकी होडी वीस किलोच्या आसपास भरते, जुनी ॲल्युमिनियमची त्याच्या दीडपट. डोकं होडीच्या आत, समोरचं फक्त चार पावलं दिसतं, खाली मुळं आणि चिखल, आणि जूनमध्ये गेलात तर त्या उलट्या होडीत तुमच्याबरोबर शंभरेक डासही प्रवास करतात आणि दोन्ही हात होडी धरण्यात गुंतलेले असल्यामुळे मारता येत नाहीत. माझ्या मेहुण्याने तिथे ज्या शिव्या दिल्या त्या मी कोल्हापुरातही ऐकल्या नव्हत्या. सामानासाठी बहुतेकांना दुसरी फेरी मारावी लागते, म्हणजे एक किलोमीटरचं पोर्टेज मधल्या रिकाम्या परतीसकट तीन किलोमीटर पडतं. दोनेकशे वर्षांपूर्वी फरच्या व्यापारातले फ्रेंच वल्हेकरी एका वेळी दोन गठ्ठे, एकेक चाळीस किलोचा, कपाळाला पट्टा लावून असल्या वाटांवरून नेत असत. आणि होडी मुळात इथल्या आदिवासींची, बर्च झाडाच्या सालीची, स्प्रूस झाडाच्या मुळांनी शिवलेली आणि त्याच्याच डिंकाने सांधे बुजवलेली.

हे सगळं सांगायचं कारण, स्वतःचं ओझं स्वतः उचलायचं म्हटलं की माणूस आपोआप कमी आणतो. त्यात पार्कचा नियम असा की आतल्या भागात पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायलाच बंदी. त्यामुळे जायच्या आदल्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात भाजलेला रवा, खिचडीचं मिश्रण, मेतकूट, दाण्याची चटणी असं सगळं पिशव्यांत भरणं चालतं, आणि त्या पिशव्या रिकाम्या झाल्या तरी परत आणायच्या. रात्री खाण्याची सगळी पिशवी, टूथपेस्टसकट, दोरीने झाडावर टांगायची, जमिनीपासून चार मीटर वर आणि खोडापासून दोन मीटर लांब, कारण काळी अस्वलं आहेत. ती सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत, पण 1991 मध्ये तिथल्या ओपियोंगो तळ्यावरच्या बेटावर दोघांचा जीव गेला होता, तेव्हा चेष्टा नाही. संडास म्हणजे तंबूपासून लांब झाडीत खड्ड्यावर ठेवलेली झाकणाची लाकडी पेटी, भिंती नाहीत छप्पर नाही. आई इथे आली होती तेव्हा तिला आधी हसू आलं आणि मग म्हणाली की गडावर असली एक पेटी असती तर निम्मा वास गेला असता. खरंच आहे ना. आपल्याकडे देवळामागे, टाक्याच्या वरच्या अंगाला काय अवस्था असते ते जाणाऱ्याला माहीत आहे.

होडीचा कंटाळा असेल त्यांना पाठीवर सॅक मारून चालायच्याही वाटा आहेत. वेस्टर्न अपलँड्स नावाच्या ट्रेलचे 32, 55 आणि 88 किलोमीटरचे फेरे आहेत, आणि पलीकडे किलार्नी पार्कमध्ये ला क्लोश सिल्हूट म्हणून 78 किलोमीटरची वाट आहे, तिला लोक आठवडा-दहा दिवस घेतात. तिथेही तेच, रात्री कुठे झोपणार ते आधी सांगा, परवाना जवळ ठेवा. उंची फार नाही, आपल्या कळसूबाईपुढे टेकाडं वाटतील, पण मोबाइलला रेंज नाही, चहाची टपरी नाही, वाट चुकलात तर विचारायला कुणी गुराखी नाही. पाय मुरगळला तर स्वतःच निस्तरायचं. पाण्याचंही तसंच. टॉम थॉमसन म्हणून इथला मोठा चित्रकार, ही तळी त्याच्या चित्रांनीच जगाला कळली, तो 1917 च्या जुलैमध्ये याच कनू लेकवर वारला, मृतदेह आठवड्याने वर आला आणि नक्की काय झालं यावर अजून वाद आहेत. वल्हवण्यात तरबेज माणूस होता तो. त्यामुळे माणशी लाइफ जॅकेट होडीत असलंच पाहिजे हा कायदा मला जाच वाटत नाही.

आता कुणी म्हणेल, परदेशात गेले की यांना सगळं गोडच दिसतं. नाही हो. या पार्कच्या मोठ्या भागात आजही लाकूडतोड चालते, होडीतून जाताना काठावरच्या झाडांमागे ते दिसत नाही एवढंच. ज्या अल्गोंक्विन आदिवासींचं नाव पार्कला दिलंय त्यांनी ही जमीन कधी कुणाला करार करून दिलेलीच नव्हती आणि त्याची बोलणी अजून चालू आहेत. आपल्या गडांच्या पायथ्याला गावं आहेत, वर देव आहेत, गुरं चरतात, आणि शनिवारी येणाऱ्या ट्रेकरच्या पिठलं-भाकरीवर तिथल्या घरांचं भागतं. तेव्हा कॅनडाचं उचलून हरिश्चंद्रगडावर चिकटवा असं मी म्हणत नाहीये, तसं केलं तर पहिला फटका पाचनई-खिरेश्वरच्या लोकांना बसेल.

पण आकडा ठरवणं आपल्याला जमत नाही हेही खरं नाही. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत रोज 3000 माणसांची मर्यादा घालून ऑनलाइन बुकिंग केलं, आणि ते सांभाळतात आसपासच्या गावांच्या समित्याच, म्हणजे पैसा गावातच राहिला. सुरुवातीला लोक बोंबलले, आता निमूट बुकिंग करून जातात. 3000 जास्त की कमी यावर भांडता येईल, पण आकडा आहे, आणि आकडा असला की भांडता तरी येतं. तेच हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर थंडीतल्या एखाद्या शनिवारी किती तंबू लागावेत याला आकडाच नाही. हरिहर गडाच्या त्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांवर एका वेळी किती माणसं असावीत, कुणी ठरवलंय? वर जाणारे आणि खाली येणारे मध्ये अडकून उभे, पाठीमागे दरी, आणि फोटोसाठी कुणीतरी थांबलेला. तिथे काही झालं की चार दिवस बंदी, कलम, पोलीस, आणि पुढच्या पावसाळ्यात परत तेच. बंदी घालायला एक सही लागते. मोजायला रोज माणूस बसवावा लागतो, म्हणून ते कुणी करत नाही असं आपलं माझं मत.

गावाच्या समितीने पायथ्याला वही घेऊन बसावं, आज एवढे तंबू, माणशी एवढे पैसे, दहाच्या वरचा ग्रुप असेल तर आधी कळवायचं. तंबू गावाचेच, जेवण गावाचंच. एका गडापासून सुरू करा, एकच हंगाम करून बघा. लोकसंख्या काय, ती तर कासलाही तीच आहे.

आणि तुमच्याकडूनही एक हवंय. पावसाळा आला की तुमच्याच पुरवणीत ट्रेकिंग ग्रुपच्या जाहिराती असतात, पर हेड अमुक, नाश्ता-जेवण-बस सकट, निघणार शुक्रवारी रात्री. त्यात एका बॅचला किती माणसं नेणार हा आकडा कधीच नसतो, पन्नास-पन्नासच्या दोन बस असल्या तरी नसतो. जाहिरात घेताना तेवढं विचारा आणि पैशांच्या शेजारी तेही छापा.

आपला नियमित वाचक,
मिसिसागा, कॅनडा